दात किडलेला नाही, दुखतही नाही, मग हलतो कशाने?

पडवीतली

माझी आई ६३ वर्षांची आहे, वाई तालुक्यातल्या आमच्या गावी राहते आणि गेली बारा वर्षे मधुमेहाच्या गोळ्या घेते. गेल्या महिन्यात ती माझ्याकडे पुण्याला आली, तेव्हा भाकरी दुधात कुस्करून खाताना दिसली. कारण विचारले तर म्हणाली, "काही नाही गं, दात पिकले." मी बळेच तिला दंतवैद्यांकडे नेले. त्यांनी खुणा आखलेली एक बारीक सळई दात आणि हिरडी यांच्या फटीत अलगद उतरवून एकेका दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजली आणि मदतनीस मुलगी ते आकडे लिहून घेऊ लागली. तीन मिलिमीटरपर्यंतची खोली निरोगी समजतात, असे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. आईचे आकडे पाच, सहा, सात असे येत होते आणि खालच्या एका दाढेला तर नऊ आले. एक्स-रेमध्ये दात स्वच्छ होते, कीड कुठेच नव्हती, पण ज्या हाडात ते रोवलेले असतात ते हाड मुळांच्या निम्म्यापर्यंत खाली गेलेले होते.

आई दिवसातून चार वेळा मशेरी लावते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची आणि मागच्या दारी बसून तर्जनीने दात घासत पंधरा-वीस मिनिटे तोंडात धरायची, हा तिचा लग्नाआधीपासूनचा परिपाठ आहे. भाजणीच्या दिवशी सगळे घर खोकत असे. आजही तिच्या उजव्या तर्जनीचे पेर काळसर आहे. मशेरीने दात मजबूत होतात आणि तिच्याशिवाय पोट साफ होत नाही, यावर तिची ठाम श्रद्धा आहे.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हाड इतके झिजेपर्यंत माणसाला दुखत कसे नाही? आणि या टप्प्यावर काय वाचवता येते? आणखी एक कबुली देते. तिचे पाहून मी घरी आल्यावर आरशासमोर नीट दात घासले, तेव्हा बेसिनमध्ये गुलाबी पाणी दिसले. हे मला कित्येक महिने दिसत होते आणि मी तेवढी जागा सोडून ब्रश फिरवत होते.

उसाचा_मळा

ताई, आईंना बरे वाटो. तरीही एक शंका मांडतो. माझ्या आजोबांनी जन्मात ब्रश हातात धरला नाही. राखुंडी किंवा बाभळीची काडी एवढेच त्यांना ठाऊक होते, तरी ऐंशी उलटल्यावरही ते दातांनी ऊस सोलून खात. आमच्या पिढीने पेस्ट, ब्रश आणि माउथवॉश असा सगळा सरंजाम मांडला आणि चाळिशीतच दवाखान्याच्या पायऱ्या झिजवायला लागलो. हिरड्यांचा आजार घासण्यापेक्षा बदललेल्या खाण्याशी जास्त निगडित असावा, असे मला वाटते.

दंतमूल

मी हिरड्यांच्या आजारांचा विषय तीस वर्षे शिकवला असून आता निवृत्त आहे. ताईंचा पहिला प्रश्न आणि मळेकरांची शंका यांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

दात कितीही स्वच्छ घासला तरी काही तासांत त्यावर जंतूंचा चिकट, पिवळसर थर पुन्हा धरू लागतो. नखाने खरवडले की नखात जे पांढरे लोण्यासारखे येते, तेच ते. हा थर हिरडीच्या काठाशी राहिला की शरीर त्या जंतूंशी लढण्यासाठी तिकडे रक्तपुरवठा वाढवते. त्यामुळे हिरडी लाल होते, किंचित फुगते आणि ब्रश लागला की रक्त येते. १९६५ मध्ये डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्या असलेल्या बारा जणांना दात घासणे पूर्णपणे थांबवायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांच्या आत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. मग त्यांना पुन्हा घासायला लावले, तेव्हा साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. कोणतेही औषध द्यावे लागले नाही. ताई, तुमचे गुलाबी पाणी बहुधा याच टप्प्यावरचे आहे. रक्त येते म्हणून ती जागा सोडल्याने थर तिथेच राहतो आणि रक्त वाढते. नेमक्या त्याच जागी, मऊ ब्रशने, हलक्या हाताने पण नेटाने घासायला हवे. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर मात्र दाखवायला जा.

थर तसाच राहिला तर लाळेतले क्षार त्यात बसून त्याचे कीटण होते. ते सर्वात जास्त कुठे साचते, ते जिभेने चाचपून पाहा. खालच्या पटाशीच्या दातांच्या मागच्या बाजूला खडबडीत लागेल, कारण लाळग्रंथींची तोंडे तिथेच जिभेखाली उघडतात. वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूलाही ते साचते, कारण तिथे गालात आणखी एका लाळग्रंथीचे तोंड उघडते. कीटण ब्रशने निघत नाही आणि त्याच्या खरबरीत पाठीवर नवा थर लवकर धरतो.

पुढचा टप्पा सर्वांच्या वाट्याला येत नाही, पण ज्यांच्या येतो त्यांच्यात सूज हिरडीखाली उतरते, दाताला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू तुटतात, फटीचा कप्पा होतो आणि हाड विरघळू लागते. कप्पा चार-पाच मिलिमीटरांपेक्षा खोल झाला की ब्रशचे केस तळापर्यंत पोहोचू शकत नाहीत. ही सूज वर्षानुवर्षे धुमसणारी असते आणि कप्पा वरून उघडा असल्याने पू साचून दाब निर्माण होत नाही, म्हणून ठणका लागत नाही. किडलेल्या दाताची नस बंद जागेत सुजते, म्हणून ती रात्रभर जागवते. हिरडीला ती सोय नाही. एखाद्या कप्प्याचे तोंड बुजले आणि गळू झाले तरच रुग्ण आमच्याकडे येतो, आणि तोवर निम्मे हाड गेलेले असते.

आईंच्या बाबतीत तंबाखूने आणखी एक घात केला. तंबाखूमुळे हिरडीच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त कमी येते. म्हणजे धोक्याची एकमेव घंटा होती, तिचाच टोल काढून ठेवला गेला. सिगारेट ओढणाऱ्यांत हे ठळकपणे दिसते, आणि मशेरी लावणाऱ्या बायकांच्या फिकट, घट्ट दिसणाऱ्या हिरड्यांखाली खोल कप्पे मी पुष्कळदा मोजले आहेत. "मजबूत होतात" या समजुतीचे मूळ बहुधा याच रक्त न येण्यात असावे.

आता आजोबांविषयी. त्यांची गोष्ट खरी आहे आणि शास्त्रालाही ठाऊक आहे. याच ल्यो यांनी १९७० पासून श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरच्या ४८० मजुरांची पंधरा वर्षे पाहणी केली. त्यांच्यापैकी कोणी ब्रश वापरत नव्हते, दंतवैद्याचे तोंड कोणी पाहिले नव्हते आणि सर्वांच्या दातांवर भरपूर कीटण होते. तरीही सुमारे ११ टक्के लोकांत आजार हिरडीच्या सुजेपुढे सरकलाच नाही. ८१ टक्क्यांत तो संथपणे वाढला आणि ८ टक्क्यांचे दात मात्र ऐन उमेदीत भराभर गेले. खाणे सर्वांचे जवळपास सारखे, अस्वच्छता सारखी, आणि निकाल तीन तऱ्हांचे. तुमचे आजोबा त्या अकरांतले असणार. अडचण अशी की आपण कुठल्या गटात आहोत, हे हाड गेल्यावरच कळते. शिवाय ज्यांचे दात पन्नाशीत गेले त्या आजोबांच्या गोष्टी कोणी नातवंडांना सांगत नाही.

उसाचा_मळा

शेवटच्या वाक्याला उत्तर नाही. माझ्या आजीची पूर्ण कवळी होती, हे लिहिताना आठवले.

रामरगाडा

कीटण काढून घेण्याबद्दल माझा अनुभव चांगला नाही. तीन वर्षांपूर्वी एका दवाखान्यात दात साफ करून घेतले. त्यानंतर दातांमध्ये फटी पडल्या, गार पाणी लागले की कळ येऊ लागली आणि एक दात आधीपेक्षा जास्त हलू लागला. डॉक्टरांनी आधी काहीही समजावून सांगितले नव्हते. तेव्हापासून मी पुन्हा गेलो नाही. मशीनने दात सैल होतात, असे आमच्या कार्यालयात निम्म्या लोकांचे मत आहे.

दंतमूल

आधी समजावून सांगितले नाही, ही त्या दवाखान्याची चूकच आहे. फटी मात्र मशीनने पाडलेल्या नसतात. हिरडी सुजलेली असताना ती दातांमधली जागा भरून टाकते आणि उरलेली जागा कीटण भरते. कीटण निघाले आणि सूज ओसरली की मूळची उघडी जागा दिसू लागते. शेजारच्या दातांना जोडून धरणारा कीटणाचा पूल गेल्यामुळे हलणेही आता जाणवते. मूळ उघडे पडल्याने गारव्याची कळ येते. ती बहुधा काही आठवड्यांत कमी होते आणि संवेदनशील दातांसाठीच्या पेस्टने तिला उतार पडतो. मशीनचे टोक कंप पावत कीटणाचा तुकडा उडवते, घासून दात पातळ करत नाही. उलट त्या तीन वर्षांत जे साचले असेल, त्याची मला काळजी वाटते.

नाडीपरीक्षा

मी आयुर्वेदाचा पदवीधर आहे. स्केलिंग, म्हणजे कीटण खरवडून काढणे, ही पाश्चात्त्यांनी आणलेली टूम आहे, असे वरचेवर ऐकायला मिळते, म्हणून एवढेच नोंदवतो की सुश्रुतसंहितेत दातांवर घट्ट होऊन बसलेल्या मळाला 'दंतशर्करा' असे नाव आहे, आणि दातांच्या मुळांना इजा न करता ती खरवडून काढावी असा वैद्याला स्पष्ट आदेश आहे. दंतमुळांचे पंधरा रोग तिथे सांगितले आहेत. त्यांतला 'शीताद' म्हणजे हिरड्यांतून अकस्मात रक्त येणे, दुर्गंधी, हिरडी काळसर, ओलसर आणि मऊ पडणे. गंमत म्हणजे त्या लक्षणांत वेदनेचा उल्लेख नाही. त्रिफळ्याच्या काढ्याच्या चुळा मी रुग्णांना सांगतो, पण खरवडण्याऐवजी नव्हे, खरवडल्यानंतर. हिरडीवर थेट लवंगेचे तेल ओतणे किंवा वेदनाशामक गोळी दाबून धरणे, हे दोन्ही प्रकार हिरडी भाजतात. ते कोणत्याच शास्त्रात बसत नाहीत.

नोंदवही

या निमित्ताने एक वेगळा प्रश्न विचारतो. माझे वय ५१ आहे. रोज दोन वेळा घासतो, तंबाखू नाही, मधुमेह नाही. तरीही वर्षभरात पुढच्या दातांमधली हिरडी गाठीसारखी वाढून दातांवर चढली आहे. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन सुरू आहे, पण त्याचा काही संबंध असेल असे वाटत नाही.

दंतमूल

त्याचाच संबंध असण्याची दाट शक्यता आहे. ॲम्लोडिपिन आणि त्याच गटातले निफेडिपिन, अपस्मारासाठीचे फेनिटॉइन आणि मूत्रपिंड-रोपणानंतर देतात ते सायक्लोस्पोरिन, या औषधांनी काही लोकांच्या हिरड्या वाढतात. गोळी स्वतःच्या मनाने मुळीच बंद करू नका. ज्यांनी ती लिहून दिली त्यांना हिरड्या दाखवा, म्हणजे ते पर्याय देऊ शकतील. दरम्यान कीटण काढून घ्या, कारण थर जितका जास्त तितकी ही वाढ जास्त.

नोंदवही

दोन डॉक्टर, अख्खे वर्ष, आणि हे कोणी विचारलेच नाही. उद्याच जातो.

आरोग्यवाट

मी ग्रामीण आरोग्याच्या कामात आहे. ताई, मशेरीबद्दल थोडे लिहिते, कारण ती सुटल्याशिवाय हिरड्यांचा उपचार टिकत नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडुतांची तोंडे तपासून केलेला अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे तंबाखू आणि तोंडाचे आजार यांचे नाते आपल्याच गावांतून पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी मांडले गेले. १९९२ मध्ये केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यावर बंदी आणली. पण मशेरी घरच्या तव्यावर होते, तिथे कोणता निरीक्षक पोहोचणार?

बायकांना "सोड" म्हणून काहीही होत नाही, हे अनुभवाने सांगते. मशेरीला दात घासायचे साधन म्हटले की व्यसन हा शब्दच लागू होत नाही, आणि घरातल्या पुरुषाच्या तंबाखूवर बोलणारी माणसे आईच्या मशेरीबद्दल बोलत नाहीत. मी आधी चारपैकी कोणती वेळ सर्वात अवघड आहे ते विचारते. ती बहुधा सकाळची, शौचाच्या आधीची असते. ती शेवटपर्यंत ठेवायची आणि बाकीच्या तीन एकेक करून काढायच्या. पोट साफ होण्यासाठी निकोटीन आतड्यांना चालना देते, हे खरे आहे. त्यामुळे ते थोतांड म्हणून उडवून न लावता सकाळी गरम पाणी, रात्री इसबगोल आणि जेवणात भाजी वाढवणे हा पर्याय आधी उभा करावा लागतो. डबी हातात घ्यायच्या वेळी बडीशेप किंवा ओवा द्यावा. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे, तिथे समुपदेशक बोलतात.

तुमच्या नात्यात गरोदर मुली असतील तर तिथे अधिक लक्ष द्या. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतल्या १,२१७ गर्भवतींच्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू, आणि त्यात मुख्यत्वे मशेरी, वापरणाऱ्या बायकांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले होते. गरोदरपणात संप्रेरकांमुळे हिरड्या एरवीही लवकर सुजतात. "पोटुशीने दाताला हात लावू नये" म्हणून या मुली ब्रशही थांबवतात, हे मी पुष्कळ पाहिले आहे.

चाफेकळी

घासायचे कसे, हे कोणी लिहीलच असे वाटले होते. आम्हाला शाळेत "वर-खाली" शिकवले आणि जाहिरातीत आडवे घासताना दाखवतात.

दंतमूल

ब्रश मऊ केसांचा घ्यावा आणि केस दाताकडे न रोखता दात-हिरडीच्या सांध्याकडे तिरपे, साधारण ४५ अंशांत टेकवावेत. मग तिथल्या तिथे, दोन दातांच्या रुंदीत, थरथरवल्यासारखे हलवून पुढे सरकावे. ही पद्धत चार्ल्स बास या अमेरिकी वैद्यांनी रूढ केली आणि ते दंतवैद्य नव्हते, हे सांगायला मला नेहमी मजा येते. जोर लावला की स्वच्छता वाढत नाही, हिरडी मात्र मागे सरकते आणि दाताच्या मानेशी खाच पडते. राखुंडी, कोळसा आणि विटेची पूड यांनीही तेच होते. त्या दाताचा वरचा पृष्ठभाग खरवडतात आणि सांध्याला स्पर्शही करत नाहीत. रात्रीचे घासणे चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी होते.

ब्रश दोन दातांच्या मधल्या भिंतींवर पोहोचत नाही, आणि हिरड्यांचा आजार बहुतेकदा तिथेच सुरू होतो. दात एकमेकांना चिकटून असतील तर दोरा वापरावा. फटी पडलेल्या असतील तर बाटली धुण्याच्या ब्रशासारखे दिसणारे इवलेसे ब्रश मिळतात, ते दोऱ्यापेक्षा उत्तम. टाचणी, काडेपेटीची काडी आणि सेफ्टी पिन ही आपल्याकडची लाडकी हत्यारे कृपया वापरू नयेत. जांभळट रंगाचे क्लोरहेक्सिडिनचे चूळ-औषध सांगितले असेल तेवढेच दिवस वापरावे, एरवी दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते. कप्प्याच्या तळाशी कोणतीही चूळ पोहोचत नाही.

पडवीतली (साडेतीन महिन्यांनी)

उत्तर द्यायला उशीर झाला, पण सांगण्याजोगे काही घडल्यावरच लिहायचे ठरवले होते.

आईच्या हिरड्यांखालची मुळे चार बैठकांत, भूल देऊन, एकेका बाजूची साफ केली. नऊ मिलिमीटरची ती दाढ काढावी लागली. काढलेली दाढ डॉक्टरांनी तिच्या हातावर ठेवली. मूळ टोकापर्यंत काळ्या-हिरव्या कीटणाने वेढलेले होते आणि वरचा भाग पांढराशुभ्र. आई ती बराच वेळ उलटसुलट करून पाहत राहिली. मी महिनाभर जे बोलले त्याने झाले नव्हते, ते त्या दाढेने केले. त्याच दिवशी दुपारची मशेरी बंद झाली. आता सकाळची एकच उरली आहे आणि ती सोडण्यावरून आमचे रोज फोनवर वाजते. आरोग्यवाट, तुम्ही म्हणालात ते तंतोतंत खरे आहे. ती वेळ अवघड आहे.

तीन महिन्यांनी पुन्हा मोजमाप झाले. सात-सहाचे बहुतेक आकडे चार-पाचवर आले, दोन ठिकाणी अजून सहा आहेत आणि तिथे पुन्हा सफाई करायची आहे. हाड परत येणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. गेले ते गेले, उरले ते राखायचे. तीन महिन्यांची साखर ८.६ वरून ८.१ झाली. ते श्रेय एकट्या हिरड्यांचे आहे असे मी म्हणत नाही, कारण मधल्या काळात ती माझ्या ताब्यात जेवत होती.

माझे स्वतःचे गुलाबी पाणी नवव्या दिवशी थांबले.

एक शंका उरली आहे. आईला ते बाटलीच्या ब्रशासारखे लहान ब्रश आणून दिले, पण दुकानात रंगारंगाचे सात-आठ आकार होते. कोणता घ्यायचा, ते कसे ठरवायचे?

दंतमूल

आकडे ऐकून फार बरे वाटले. साखरेबाबत सांगायचे तर, मधुमेहींत हिरड्यांच्या उपचाराने तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे तुम्ही म्हणता ती तीन महिन्यांची साखर, सुमारे ०.४ने उतरते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात आढळले आहे. म्हणजे तुमचे जेवण आणि आमची सफाई यांनी श्रेय वाटून घ्यायला हरकत नाही. हे नाते उलटही चालते. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, म्हणून दर तीन महिन्यांची तपासणी चुकवू नका. गावाहून पुण्याच्या खेपा जड जात असतील तर जवळच्या दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा, तिथे खर्च बराच कमी येतो.

एकच आकार सगळ्या फटींना पुरत नाही, बहुधा दोन लागतात. मधली तार दाताला घासता कामा नये आणि केस दोन्ही बाजूंना किंचित अडून सरकले पाहिजेत. सैल जात असेल तर मोठा घ्या, ढकलावा लागत असेल किंवा तार वाकत असेल तर लहान. पुढच्या भेटीत डॉक्टरांनाच प्रत्येक फटीत घालून दाखवायला सांगा आणि आईंकडून एकदा त्यांच्यासमोर करवून घ्या. दाढ काढलेल्या रिकाम्या जागेच्या दोन्ही शेजारच्या दातांच्या आतल्या भिंती हमखास विसरल्या जातात, तिथून सुरुवात करायला सांगा.

पडवीतली

रविवारी गावी जाते आहे, तेव्हा दोन्ही आकार घेऊन जाते. मशेरीच्या डबीतच ठेवावे म्हणते, म्हणजे हात तिकडे गेला की आधी तेच लागतील.